आदल्या दुपारपासूनचे लग्न : ईसानमधील एका गावाचा पाहुणचार

थायलंडच्या ईशान्येकडील प्रदेशाला ईसान म्हणतात आणि हा शब्द आपल्या ‘ईशान्य’चाच सख्खा भाऊ आहे. या प्रदेशातील खोन केन प्रांतात, चोन्नबोट तालुक्यातील एका गावात, 2025 च्या जानेवारीत मी आणि माझी आई दोन रात्री राहिलो आणि त्या गावातील एका लग्नाला हजर राहिलो. राहण्याची, जेवणाची आणि लग्नघरी नेण्याची सारी व्यवस्था गावातील विणकर बायकांच्या गटाने चालवलेल्या होमस्टेने केली होती. हे परीक्षण त्या व्यवस्थेचे आहे. लग्न एका कुटुंबाचे होते, त्यांनी आम्हाला आपुलकीने बोलावले होते आणि त्यांच्या घरच्या कार्याला गुण देण्याचा मला काहीच अधिकार नाही. मात्र ज्यांनी आमच्याकडून माणशी 3,200 बाट घेतले, त्यांनी काय दिले आणि काय दिले नाही, हे नीट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण अशा लग्नाला जाण्याची इच्छा असलेल्या मराठी वाचकाला हाताशी धरण्याजोगी माहिती फारशी मिळत नाही.

माझे मत आधीच सांगते. या होमस्टेने केलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी आम्हाला लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारपूर्वी गावात बोलावून घेतले. ज्यांना केवळ लग्नाची सकाळ दाखवली जाते त्यांना सुंदर छायाचित्रे मिळतात, परंतु त्या सकाळचा अर्थ आदल्या दुपारी केळीच्या पानांच्या ढिगाऱ्याशेजारी बसल्याखेरीज कळत नाही. व्यवस्थेत उणिवा होत्या आणि त्यांतील एक मला अजूनही खटकते, पण ही एक गोष्ट त्यांनी इतकी बरोबर केली होती की बाकीचे सारे तिच्या मागून येते.

खोन केन शहरापर्यंत बँकॉकहून विमानाने सुमारे तासाभरात पोहोचता येते. रेल्वे आहे आणि मो चित स्थानकावरून सुटणाऱ्या बसगाड्याही आहेत, ज्यांना सहा ते सात तास लागतात. शहरापासून गाव साधारण पन्नास किलोमीटरवर असून होमस्टेची गाडी आम्हाला घ्यायला ठरल्या वेळी आली होती. चोन्नबोट हे तालुक्याचे नाव मुळात पाली ‘जनपद’ या शब्दावरून आलेले आहे आणि थाई भाषेत त्याचा अर्थच खेडवळ मुलूख असा होतो. हा भाग ‘मत मी’ नावाच्या रेशमासाठी प्रसिद्ध आहे. त्यात विणण्याआधी सुताच्या लडी गाठी मारून रंगवतात आणि मग त्या रंगलेल्या धाग्यांतून मागावर नक्षी उमटते. इकत ओळखणाऱ्याला तंत्र लगेच समजते. आमच्या यजमानीणबाईंच्या घराखाली, लाकडी खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत, दोन माग होते आणि पहाटे त्यांचा ठोका ऐकू येत असे.

खोली साधी आणि स्वच्छ होती. लाकडी जमिनीवर कापसासारख्या शेवरीच्या मऊ गाद्या, मच्छरदाणी, दोन जाड पांघरुणे, आणि खाली अंगणाच्या कडेला न्हाणीघर. जानेवारीत ईसानमध्ये रात्री चांगलाच गारठा असतो, त्यामुळे गरम पाणी मागून घ्यावे लागते. मागितले की ते मिळते. गुडघेदुखी असलेल्यांनी घराचा जिना आणि जमिनीवरची बैठक यांचा विचार आधी करावा, कारण पुढचे दोन दिवस जवळजवळ सर्व वेळ जमिनीवर पाय दुमडून बसण्यात जातो.

दुपारचे जेवण आटोपताच यजमानीणबाईंनी आम्हाला वधूच्या घरी नेले. तेथे ओसरीवर पंधरा-वीस बायका चटयांवर बसून केळीची पाने फाडत, पुसत आणि दुमडत होत्या. उद्याच्या ‘बायसी’ची ही तयारी होती. बायसी म्हणजे केळीच्या पानांच्या अणकुचीदार शंकूंचे थरांवर थर रचून केलेला, फुलांनी सजवलेला उंच मनोरा. ‘बाय’ हा ख्मेर भाषेतला भात आणि ‘सी’ ही आपली श्री. थरांची संख्या विषम ठेवतात. एकेक पान बोटांच्या पेरांवर दुमडायचे, शंकू झाला की टाचणीने टोचायचा, असे सात-नऊ शंकू एकमेकांत बसवायचे आणि पाण्यात भिजवून ताजे ठेवायचे, असे हे काम तासन्‌तास चालते. आईला पत्रावळी आणि द्रोण लावायची लहानपणापासूनची सवय आहे. शेजारी बसलेल्या वधूच्या आजींनी एकदा पान दुमडून दाखवले, तिसऱ्या प्रयत्नात आईचा शंकू सरळ उभा राहिला, आणि त्यानंतर तिला तेथून कोणी उठू दिले नाही. गावात अशा ज्येष्ठ बाईंना ‘मे याय’ म्हणतात, म्हणजे मोठी आई. संध्याकाळपर्यंत तीन मुली माझ्या आईलाही त्याच नावाने हाक मारू लागल्या होत्या.

शंकूंच्या टोकांवर लावायला टोपलीभर पांढरी, जांभळट छटेची फुले आणली होती. आईने एक फूल उचलून माझ्याकडे पाहिले. ती रुईची फुले होती. आपल्याकडे मारुतीला वाहायची रुई तेथे लग्नात कशी, हा तिचा प्रश्न होमस्टेच्या दुभाषी मुलीने पुढे विचारला, तेव्हा बायका हसल्या आणि उत्तर मिळाले की थाई भाषेत या फुलाचे नाव ‘राक’ आहे आणि राक म्हणजे प्रेम. म्हणून वधूवरांच्या हारांत आणि बायसीच्या टोकांवर रुई हवीच. झेंडूही होता, कारण त्याच्या नावात उत्कर्षाचा अर्थ आहे. थाई लग्नातल्या कितीतरी वस्तू अशा नावाच्या नात्याने निवडलेल्या असतात, हे मला त्या ओसरीवर समजले आणि दुसऱ्या दिवशी ताटातला आणि तबकातला प्रत्येक पदार्थ मी या दृष्टीने पाहू शकले. होमस्टेच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नाही. त्यांनी ती घालावी.

त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला वधूची मावशी कापसाच्या पांढऱ्या सुताचे हातभर लांबीचे तुकडे कापून गड्ड्या बांधत होती. बाहेर पुरुष मांडव घालत होते, खुर्च्या उतरवत होते, आणि मागच्या अंगणात मोठमोठ्या पातेल्यांत रस्से शिजायला लागले होते. कोणी कोणाला सूचना देत असल्याचे दिसले नाही. प्रत्येकाला आपापले काम ठाऊक होते आणि आम्हालाही पाहुणे म्हणून वेगळे बसवले गेले नाही. मला लसूण सोलायला दिला गेला. पैसे भरून आलेल्या माणसाला काम सांगण्याचा हा संकोचरहित मोकळेपणा यजमानीणबाईंच्या विश्वासातून आलेला होता आणि तोच या सेवेचा गाभा आहे असे मला वाटते.

लग्नाची वेळ भल्या सकाळची असते. पत्रिकेवर बौद्ध संवत्सर 2568 होते, जे आपल्या इसवी सनाच्या 543 वर्षे पुढे असते. मिरवणुकीची वेळ 7 वाजून 9 मिनिटे अशी छापलेली होती. नऊ या आकड्याचा थाई उच्चार ‘पुढे पाऊल टाकणे’ या शब्दाच्या उच्चाराशी जुळतो, म्हणून शुभकार्यात नऊ शोधून घेतात. मुहूर्ताला तेथे ‘रोक’ म्हणतात आणि तो शब्द संस्कृत ‘ऋक्ष’, म्हणजे नक्षत्र, यापासून आलेला आहे. लग्नाला ‘विवा’ आणि ‘सोमरोत’ असे दोन्ही शब्द वापरतात. दुसरा आपला ‘समरस’ आहे. पत्रिका वाचून दाखवली जात असताना आईला हे एकेक शब्द ओळखू येत होते आणि तिच्या चेहऱ्यावरचा परकेपणा तेथेच निम्मा उतरला.

सूर्य वर येण्याआधी विहारातून नऊ भिक्खू आले. आम्हाला भिंतीकडेला, त्यांच्या बसण्याच्या जागेपेक्षा खाली, पाय मागे वळवून बसवले गेले. पावले कोणाकडेही, आणि भिक्खूंकडे तर मुळीच, रोखलेली नसावीत, स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, त्यांच्या हातात थेट काही देऊ नये, कोणाच्याही डोक्याला हात लावू नये, हे सारे होमस्टेने आदल्या रात्रीच नीट समजावून सांगितले होते आणि त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत. काळे कपडे टाळण्याची सूचनाही त्यांनी आरक्षणाच्या वेळीच दिली होती. बुद्धमूर्तीपासून निघालेला पांढरा धागा सर्व भिक्खूंच्या हातांतून जात पाण्याच्या पात्राला गुंडाळलेला होता. आधी जमलेल्यांनी त्रिशरण आणि पंचशील घेतले. पालीतले ते शब्द थाई वळणाने येत असले तरी ‘बुद्धं सरणं गच्छामि’ कोणत्याही मराठी कानाला ओळखू यावे इतके स्वच्छ होते, आणि मीही हात जोडून ते म्हटले. नंतर परित्तपाठ, म्हणजे रक्षणासाठीचे पाली सूत्रपठण, झाला, भिक्खूंना भोजन दिले गेले आणि त्यांनी गवताच्या जुडीने सर्वांवर पाणी शिंपडले. तेथील थेरवाद बौद्ध परंपरेत भिक्खू लग्न लावत नाहीत. ते आशीर्वाद देतात, दान स्वीकारतात आणि निघून जातात. लग्न पुढे गावकरीच लावतात.

मग ‘खान माक’ आले. शब्दशः याचा अर्थ सुपारीचे पात्र. वराकडची मंडळी वाडग्यांत, तबकांत सुपारी, विड्याची पाने, मिठाई आणि फळे घेऊन मिरवणुकीने वधूच्या घरी येतात. पुढे मुळासकट उपटलेली केळीची आणि उसाची रोपे धरलेली असतात, जी नंतर वधूच्या अंगणात लावतात. लांब उभे ढोल वाजत होते, एका गाडीवर भोंग्यांची भिंत उभी करून तारवाद्य वाजवणारे तरुण बसले होते, आणि मध्येच एक म्हातारे गृहस्थ लांब आरोळी देत, तिला सगळी मिरवणूक एका दमात उत्तर देई. नाचणाऱ्यांत सत्तरीच्या पुढच्या बायका सर्वांत पुढे होत्या. मला आणि आईला एकेक तबक धरायला दिले होते. आईच्या तबकात केळीच्या पानात जोडीजोडीने बांधलेल्या चिकट भाताच्या पुड्या होत्या. आत केळे, नारळाचे दूध आणि काळे घेवडे घालून वाफवलेला हा पदार्थ दोन पुड्या एकत्र बांधूनच करतात, म्हणून तो जोडप्याचे चिन्ह मानला जातो.

घराशी वाट अडवलेली असते. वधूच्या मैत्रिणी आणि बहिणी सोनसाखळ्या आडव्या धरून उभ्या राहतात. एक चांदीचा दरवाजा, एक सोन्याचा, आणि प्रत्येक ठिकाणी वराला पाकीट द्यावे लागते, प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, प्रेमाची कबुली मोठ्याने ओरडून द्यावी लागते. शेवटी पायरीपाशी केळीच्या पानाने झाकलेल्या दगडावर त्याला उभे करून वधूच्या धाकट्या बहिणीने त्याचे पाय धुतले आणि तिनेही आपले पाकीट घेतले. सारा गाव हसत होता, वर घामाने भिजला होता.

याच वेळी एक गोष्ट घडली जी मला लिहिणे भाग आहे. दुसऱ्या कोणा प्रवासी कंपनीची एक लहान बस मांडवाबाहेर थांबली, त्यातून दहा-बारा पर्यटक उतरले, सोन्याच्या दरवाज्यापाशी येऊन त्यांनी छायाचित्रे घेतली, त्यांच्यातील एकाने वधूच्या आजींना बाजूला सरकण्याची खूण केली, आणि वीस-पंचवीस मिनिटांत सारे पुन्हा गाडीत बसले. कोणीही त्यांना हटकले नाही. उलट त्यांना पाणी दिले गेले. मला मात्र त्या आजींची खूण पाहून सरकण्याची लगबग बघवली नाही. आदल्या दुपारी ज्या हातांनी शंकू दुमडायला शिकवले होते त्या हातांना मी ओळखत होते, म्हणून मला ते बोचले. बसमधल्या लोकांना ते हात ठाऊक नव्हते आणि ठाऊक होण्याची सोयही कोणी त्यांच्यासाठी केली नव्हती. अशी अर्ध्या तासाची भेट कोणी विकत असेल तर ती घेऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

आत ‘सिन सोद’ मांडले गेले. वराकडून वधूच्या आईवडिलांना दिली जाणारी ही रक्कम आणि सोने. आपल्या हुंड्याच्या उलट दिशेने हा पैसा जातो, एवढे कळले तरी त्याचा अर्थ लगेच कळत नाही. ईसानमध्ये लग्नानंतर वराने वधूच्या घरी राहायला जाण्याची जुनी रीत आहे आणि घर बहुधा धाकट्या मुलीकडे जाते, ही पार्श्वभूमी यजमानीणबाईंनी मला समजावली. सिन सोदची रक्कम पुढे नव्या जोडप्यालाच परत दिली जाण्याची उदाहरणेही बरीच असतात. थाई सोने ‘बाट’ याच वजनाने मोजतात आणि दागिन्याचे एक बाट सोने 15.16 ग्रॅम भरते, त्यामुळे बाट हा शब्द ऐकला की तो पैसा की वजन, हे पाहावे लागते. नोटा सर्वांसमोर मोजल्या गेल्या, त्यांवर भात, तीळ आणि कडधान्याचे दाणे टाकले गेले, म्हणजे धन तसेच उगवावे. मग वधूच्या आईने ते सारे कापडात बांधून खांद्यावर घेतले आणि ओझे पेलत नसल्यासारखी ती झोकांड्या देत आतल्या खोलीत गेली. हा रिवाजाचाच भाग आहे. उघड्यावर पैसे मोजण्याची ही रीत पाहून मला आत कुठेतरी अवघडल्यासारखे झाले, हे मी लपवत नाही. पण दाणे टाकताना त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होते, आणि तेही मी पाहिले.

यानंतर लग्नाचा खरा आत्मा असलेला विधी सुरू झाला, ‘बायसी सू ख्वान’. आदल्या दिवशी आम्ही ज्यासाठी पाने दुमडली तो मनोरा मधोमध ठेवला होता. त्याच्या तळाशी उकडलेली अंडी, भात, केळी, दारूची बाटली आणि पांढऱ्या सुताच्या गड्ड्या होत्या. माणसाच्या शरीरात बत्तीस ख्वान, म्हणजे प्राणतत्त्वे, वसतात अशी तेथील श्रद्धा आहे. भीती, आजार, लांबचा प्रवास, आयुष्यातले मोठे वळण, अशा वेळी ते शरीर सोडून भटकतात आणि त्यांना हाक मारून परत आणावे लागते. हे काम एक जाणते गृहस्थ करतात, जे बहुधा तरुणपणी भिक्खू राहिलेले असतात. पांढरे वस्त्र खांद्यावर घेऊन ते ईसानी लाओ बोलीत लयीत म्हणू लागले. वधूवरांचे हात मनोऱ्यावर टेकलेले, त्यांच्या कोपरांना मागच्यांचे हात, त्यांना आणखी मागच्यांचे, अशी सारी ओसरी एकमेकांना स्पर्श करून बसली. ठरावीक ठिकाणी ते थांबत आणि सगळे एकसुरात म्हणत, ‘मा दे ख्वान अय’, म्हणजे ये गं ख्वाना, ये.

आणि या वीस मिनिटांत आमच्याजवळ दुभाषी मुलगी नव्हती. होमस्टेच्या आम्हा अकरा पाहुण्यांना मिळून एकच दुभाषी, आणि तिलाही त्या वेळी आहेराच्या टेबलाशी पाकिटांची नोंद करायला बसवले होते. ती गावचीच मुलगी, लग्नघराशी तिचे नाते, त्यामुळे तिला तेथे बोलावले जाणे मी समजू शकते. पण सर्व विधींत ज्याचे शब्द समजणे सर्वाधिक गरजेचे होते तेथेच आम्हाला शब्दांशिवाय सोडले गेले. मिरवणूक डोळ्यांना कळते, दरवाजे हसण्यातून कळतात, पण आवाहनाचे पद्य कळायला माणूस लागतो. नंतर संध्याकाळी यजमानीणबाईंनी त्यातला बराचसा भाग मला सांगितला: रानातून ये, नदीपलीकडून ये, शेतात रेंगाळू नकोस, तुझ्यासाठी ओली फुले आणि उष्ण भात ठेवला आहे. ते ऐकताना मला दुःख झाले, कारण हे शब्द मी त्या ओसरीवर, त्या हातांच्या साखळीत बसून ऐकायला हवे होते. होमस्टेने त्या पद्याचा सारांश एका कागदावर लिहून आदल्या रात्री हाती दिला तरी ही उणीव भरून निघेल. मी त्यांना हे सांगितले आहे.

पद्य संपल्यावर अंडे सोलून त्यावरून शकुन पाहिला गेला, वधूवरांनी एकमेकांना अंडे भरवले आणि मग मनगटांना सूत बांधणे सुरू झाले. आधी सुताने मनगटावरून बाहेरच्या बाजूला झटकतात, वाईट जावे म्हणून, मग आतल्या बाजूला ओढतात, चांगले यावे म्हणून, आणि पुटपुटत गाठ मारतात. कित्येक जण सुताबरोबर नोटेची गुंडाळीही बांधतात. बघता बघता वधूवरांचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले. आमची पाळी आली तेव्हा काय म्हणायचे ते ठाऊक नव्हते. आईने सरळ मराठीत ‘अखंड सौभाग्यवती भव’ म्हटले आणि वधूने मान लववून ते घेतले. थोड्या वेळाने वधूच्या त्याच आजी आल्या आणि त्यांनी आईच्याही मनगटाला सूत बांधले. हे सूत निदान तीन दिवस ठेवायचे असते, आणि ते कात्रीने कापायचे नसते, गाठ सोडून काढायचे असते.

पुढे वधूने वराच्या वडीलधाऱ्यांना गाद्या, उशा आणि विणलेली वस्त्रे देऊन नमस्कार केला. ‘सोम्मा’ नावाच्या या विधीतील बरीचशी रेशमी लुगडी तिने आणि तिच्या आईने मागावर वर्षभर विणलेली होती, आणि विणकरांच्या गावात त्यांचा पोत, काठ आणि रंग याकडे बायका किती बारकाईने पाहतात हे शेजारी बसून पाहण्यासारखे होते.

जेवणाबद्दल मात्र मला सावधगिरीची सूचना द्यायला हवी. आई शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, आणि हे आरक्षणाच्या वेळी लेखी कळवलेले होते. थाई भाषेतला ‘मांगसविरात’ हा शब्द मांस आणि विरती यांचाच जोड आहे, तो आम्ही आल्याबरोबर सांगितलाही होता. होमस्टेच्या स्वयंपाकघरात हे कसोशीने पाळले गेले. लग्नघरी मात्र ते पाळणे कोणाच्याच हातात नव्हते. ईसानच्या जेवणात मासळीचे खारे पाणी आणि ‘प्ला रा’ नावाची आंबवलेली मासळी इतकी मुरलेली आहे की कच्च्या पपईचे सोम ताम आणि बांबूच्या कोंबांचा रस्सासुद्धा तिच्याशिवाय होत नाही. शुभकार्यात ‘लाप’ नावाचा खिम्यासारखा मांसाचा पदार्थ आवर्जून असतो, कारण त्याचा उच्चार थेट ‘लाभ’ या अर्थाच्या थाई शब्दासारखा आहे. आईने बांबूच्या टोपलीतला चिकट भात, केळी, फळे आणि जोडीने बांधलेल्या त्या पुड्या खाऊन दिवस काढला आणि ती तक्रार करणारी नाही. पण ‘शाकाहारी सोय होईल’ हे होमस्टेचे वाक्य लग्नाच्या जेवणाला लागू होत नाही, एवढे त्यांनी आधी सांगितले असते तर आम्ही सकाळी घरूनच डबा घेतला असता. मांसाहारी पाहुण्याला मात्र हे जेवण, विशेषतः भाजलेले मासे आणि ताजे लाप, खूप आवडेल. मी खाल्ले आणि पुन्हा मागून घेतले.

आहेराची रीत सोपी आहे. पत्रिका ज्या पाकिटातून येते त्यावर आपले नाव असते आणि त्याच पाकिटात पैसे घालून ते मांडवाच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत टाकायचे. आम्ही माणशी 500 बाट घातले. होमस्टेने लग्नघराला आमच्यासाठी काही पैसे दिले का, असे मी यजमानीणबाईंना विचारले. त्यांनी सांगितले की घरच्यांना मोबदला दिला की पाहुणे राहत नाहीत, म्हणून त्या तसे करत नाहीत, पाहुण्यांची नावे आधी घरी कळवतात आणि घरच्यांनी प्रत्येक नावाची पत्रिका लिहिली तरच नेतात. हे उत्तर मला फार आवडले. पारंपरिक वेश मिळेल असे आरक्षणाच्या वेळी सांगितले होते, त्याचे माणशी 300 बाट निघताना वेगळे मागितले गेले. रक्कम मोठी नाही, पण ती आधी सांगायला हवी होती.

रात्री मांडवात व्यासपीठ होते, ‘मोर लाम’ ही ईसानची लोकगीते गाणारे होते, भातापासून काढलेली कडक दारू होती आणि भोंग्यांचा आवाज मध्यरात्रीनंतरही चालू होता. ज्यांना ते हवे त्यांनी थांबावे. आम्ही दहाला परतलो.

जाण्याचा काळ निवडताना भाताची कापणी संपल्यानंतरचे थंड महिने धरावेत. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो आणि ते तीन महिने गावात लग्ने सहसा काढत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात ‘पारंपरिक लग्न दाखवू’ म्हणणाऱ्याकडे ते कोणाचे लग्न आहे हे जरूर विचारावे. आरक्षण करताना आणखी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. एक, सू ख्वानच्या वेळी दुभाषी शेजारी बसेल का. दुसरी, आदल्या दिवशी गावात किती वाजता पोहोचायचे. उत्तर दुपारच्या जेवणाच्या आधीचे असेल तर पैसे भरावेत, कारण पाने दुमडायला बायका जेवण आटोपताच बसतात.